सीमा नसलेल्या देशांची फाइल

माझे बाबा सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण फाइल बांधणारा त्यांचा हात अजून नोकरीतच आहे. कागदाच्या डाव्या कोपऱ्यात भोक, त्यातून ओवलेली हिरवी दोरी, वर अनुक्रमणिका आणि प्रत्येक पानावर लाल शाईने पृष्ठक्रमांक. या फाइलींची मी आयुष्यभर चेष्टा केली. ओहायोत राहायला आल्यावर तर जास्तच. इथे सगळं ऑनलाइन, कागद कोण विचारतो, असा माझा तोरा होता.

तो शेंगेन व्हिसाने उतरवला. २०१८, २०२३ आणि २०२५ अशा तीन खेपांना मी या व्हिसाच्या वाटेला गेले. राहते कोलंबसमध्ये, पासपोर्ट भारताचा, नोकरी एच-वन-बीवर. दर खेपेला वाटायचं, आता आपल्याला सगळं कळलं, आणि दर खेपेला नवी चूक हात जोडून समोर उभी. खाली जे लिहिलंय ते सल्ला म्हणून घेऊ नका. नियम बदलत राहतात, आणि माझा सल्ला माझा नवराही घेत नाही.

१. जिथे आत गेल्यावर सीमाच नाहीत, त्या प्रदेशाची सीमा आमच्या जेवणाच्या टेबलावरून जाते, हे मला गेल्या खेपेला दिसलं. आई-बाबा सहा महिन्यांच्या बोलीवर आमच्याकडे आले होते. जूनमध्ये सगळ्यांनी मिळून युरोप करायचा आणि तिथून त्यांनी परस्पर भारतात जायचं, असा बेत. नवऱ्याने पाच पासपोर्ट टेबलावर मांडले. पाचही गडद निळे. चारांवर अशोकस्तंभाचे सिंह, एकावर गरुड. गरुडवाला लेकीचा. ती २०१६ साली कोलंबसच्या इस्पितळात जन्मली, एवढंच तिचं या बाबतीतलं कर्तृत्व. तिला व्हिसा नको, बँकेचे कागद नकोत, रजेचं पत्र नको. आई-बाबा हे सगळं भारतातच उरकून आले होते, आम्ही दोघं मात्र अजून फॉर्म भरत बसलेलो. तिने थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "आई, शाळेच्या ट्रिपसारखी तुम्हाला पर्मिशन स्लिप लागते?" लागते गं. आणि खाली सही करणारे आमचे आईवडील नसतात.

तिच्या बाजूनेही आता थोडं बदलतंय. १२ ऑक्टोबर २०२५पासून तिकडच्या हद्दीवर नवी नोंदणी सुरू झाली. बिनव्हिसाच्या पाहुण्यांचाही फोटो घेतात आणि बोटांचे ठसे उमटवतात. बारा वर्षांखालच्यांचा फक्त फोटो. अमेरिकन पासपोर्टवाल्यांनाही निघण्याआधी ऑनलाइन परवानगी काढावी लागणार, त्या परवानगीला मोठ्यांना वीस युरो पडणार, हेही जाहीर झालंय. ऐकून मला किंचित बरं वाटलं, हे कबूल करते.

२. शेंगेन हा कुणी माणूस नव्हे. बाबांना बरेच दिवस तो मंत्री वाटत होता. मंडल आयोग, कोठारी आयोग, तसा शेंगेन व्हिसा. ते लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं खेडं आहे. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग यांच्या हद्दी तिथे एकमेकींना भिडतात. १४ जून १९८५ला नदीत नांगरलेल्या 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर पाच देशांनी आपापसातले नाके उठवायच्या करारावर सही केली. नाके प्रत्यक्ष उठायला २६ मार्च १९९५ उजाडला. म्हणजे सहीपासून अंमलबजावणीपर्यंत जवळजवळ दहा वर्षं. हे ऐकल्यावर बाबांना युरोपियन लोक एकदम जवळचे वाटू लागले.

आज यात २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३च्या १ जानेवारीला आला. रुमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या हद्दी २०२५च्या १ जानेवारीला खुल्या झाल्या. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, पण इथे आहे. आयर्लंड युनियनमध्ये आहे, पण इथे नाही. सासरच्या एखाद्या मोठ्या कुटुंबात कोण कुणाशी बोलतं हे जसं पाठच करावं लागतं, तसंच हेही.

आणि सुरुवात कशाने झाली म्हणाल, तर ट्रकने. १९८४ साली नाक्यांवर तासन्‌तास खोळंबलेल्या ट्रकवाल्यांनी रस्ते अडवले. त्यानंतर फ्रान्स आणि जर्मनीने आधी आपापसात नाके सैल केले. सावंतवाडीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर ट्रकांची रांग आणि त्या रांगेवर चालणारी चहाची टपरी बघत आम्ही मोठे झालो.

३. सगळीकडे थोडं थोडं राहायचं, हा पर्यटकाचा स्वभाव आहे आणि व्हिसाच्या अर्जाला तो मुळीच मानवत नाही. अर्ज एकाच देशाकडे करायचा. जिथे रात्री जास्त, त्या देशाकडे. रात्री सारख्याच असतील तर जिथे पहिलं पाऊल, त्याच्याकडे. २०२३ला मी इटलीत पाच आणि फ्रान्समध्ये पाच रात्री असं अगदी समन्यायी वाटप केलं होतं. फ्रान्सची वेळ मिळाली म्हणून तिकडे अर्ज भरायला घेतला, आणि विमान उतरत होतं रोमला. एका मैत्रिणीने फोनवर विचारलं, "अगं, पहिलं पाऊल कुठे?" मला आधी वाटलं, ही मधुचंद्राचं काहीतरी विचारतेय. रात्रभर बसून एक रात्र फिरेंझेहून काढून नीसला नेली. फिरेंझेला एकच दिवस मिळाला. अजून हळहळते.

वेळ मिळणं हे वेगळंच पुराण. ज्यांनी तत्काळचं तिकीट काढलंय त्यांना इतकंच सांगते, की इथे सकाळी दहाचा ठोका नसतो. रात्री बाराला, पहाटे चारला, कधीही एखादी तारीख उगवते आणि तुम्ही चष्मा शोधेपर्यंत मावळते. फी मात्र नेमाने वाढते. माझ्या तीन खेपांना तीन दर लागले: ६० युरो, मग ८०, मग ९०. नकार आला तर पैसे परत नाहीत. देवाला वाहिलेला नारळ तसाच.

४. 'मुक्काम' आणि 'वास्तव्य' हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मला मराठीच्या बाईंनी नाही शिकवलं, व्हिसाने शिकवलं. माझा हिशेब सोपा होता. आई-बाबा जानेवारीत आमच्याकडे येतील, आपण सगळे मिळून शिकागोला जाऊ, एकाच खिडकीवर पाचही जण उभे राहू. मग नियम वाचला. अर्ज तुम्ही कायद्याने जिथे राहता तिथून करायचा. पाहुणे म्हणून जिथे आलाय तिथून करायचा असेल, तर घरून का केला नाही याचं सबळ कारण द्यायचं. 'मुलीला सगळ्यांनी एकत्र जायचं होतं' हे सबळ कारण नव्हे.

मग उलट गणित. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो. आम्ही युरोपात उतरणार ४ जूनला, म्हणजे ४ डिसेंबरच्या आधी हालचाल नाही, आणि जानेवारीत तर त्यांचं अमेरिकेचं विमान. मधल्या त्या खिडकीत दोघं कोकणकन्येने मुंबईला गेली. बाबांच्या फाइलीत ८४ पानं होती. खिडकीवरच्या मुलाने मागितला तो प्रत्येक कागद बाबांनी अनुक्रमणिकेत बघून, पान सांगून, काढून दिला. अकरा मिनिटांत काम झालं, असं आई सांगते. बाबा म्हणतात नऊ.

आईला मात्र वेळ लागला. तिच्या बोटांचे ठसे यंत्राला उमटेनात. पुसून, दाबून, पुन्हा पुन्हा. शेवटी ती ठसे घेणाऱ्या मुलीला म्हणाली, "आयुष्यभर नारळ खवणलंय गो, ठसे खंय रवतले?" ती मुलगी नेमकी वेंगुर्ल्याची निघाली. पुढच्या खेपेला दहाही बोटं उमटली. घेतलेले ठसे ५९ महिने पुन्हा वापरता येतात. म्हणजे पाच वर्षांना एक महिना कमी. तो एक महिना कुणी आणि का कापला असेल, यावर बाबा अजून विचार करतायत.

५. अमेरिकेत राहून माणूस चौकोनी होतो. इथला पासपोर्टचा फोटो दोन इंच बाय दोन इंच, युरोपचा ३५ बाय ४५ मिलिमीटर, उभट. २०१८ला मी घरातले जुने चौकोनी फोटो कात्रीने कापून उभट केले. नवऱ्याचा एक कान गेला. शिकागोच्या खिडकीवर ते बघून बाई फक्त हसल्या आणि बोटाने कोपऱ्यातलं फोटोचं यंत्र दाखवलं. कोलंबस ते शिकागो सहा तास गाडी चालवून आलेली माणसं त्या यंत्रात कशी दिसतात, याचा पुरावा पुढे आमच्या व्हिसावर छापून आला.

६. माणूस ज्या धंद्यात असतो, नेमका तिथेच तोंडघशी पडतो. मी विमा कंपनीत नोकरी करते. दिवसभर दुसऱ्यांच्या पॉलिसींमधली बारीक अक्षरं वाचते. त्याच पहिल्या खेपेला खिडकीवर मी आरोग्यविम्याचं प्लास्टिकचं कार्ड ऐटीत सरकवलं. बाईंनी ते उलटसुलट करून परत दिलं. त्यांना हवं होतं पत्र: किमान ३०,००० युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत लागू, राहण्याचे सगळे दिवस झाकणारं आणि त्यात मायदेशी परत नेण्याचा खर्च. परत नेण्याचा, म्हणजे काय वाट्टेल ते झालं तरी. बाहेर बाकावर बसून फोनवरून पॉलिसी काढली. पलीकडच्या कॉपीच्या दुकानात छापली. तिघांचं मिळून जे बिल झालं, तेवढ्यात ओहायोत दाताच्या डॉक्टरांनी नुसतं 'आ करा' म्हटलं असतं.

याच खेपेला आणखी एक. आपल्या पासपोर्टवर पहिल्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं. वेटिंग हॉलमध्ये पाच-सहा वेळा कुणीतरी बाबांच्या नावाचा पुकारा करत होतं. मी शेजारच्या गृहस्थांना म्हटलं, "किती बेफिकीर असतात बघा लोक."

७. दिवस मोजायला कालनिर्णय लागतं आणि सुतक पाळलेली आई लागते. नियम एका ओळीचा आहे: कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. त्यातला 'कुठल्याही' हा शब्द मी तीन खेपांना तीन वेगळ्या अर्थांनी वाचला. मला वाटायचं जानेवारी ते जून एक सहामाही, जुलै ते डिसेंबर दुसरी, शाळेसारखी. तसं नाही. आज जी तारीख असेल तिथून मागे १८० दिवस मोजायचे, आणि त्यात तुमचे आत काढलेले दिवस नव्वदच्या वर जाता कामा नयेत. उद्या ती खिडकी एक दिवस पुढे सरकते. सरकणाऱ्या वस्तू मला कधीच जमल्या नाहीत.

आईला मात्र लगेच उमगलं. आमच्याकडे सुतकाचे दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा का, यावरून चुलत्यांची भांडणं व्हायची आणि निवाडा आई करायची. तिने विचारलं, "उतरलो तो दिवस धरतत?" धरतात. "आणि निघालो तो?" तोही धरतात. "मग झालां," म्हणाली, आणि कालनिर्णयावर पेन्सिलने ४ ते १८ जून असे पंधरा गोल केले. मागच्या पानावर दुधाचा हिशेब होता.

व्हिसा आले तेव्हा बाबांचा फोन. आवाज फुललेला. "अगो, पंधरा दिवस मागितले, त्यांनी महिना दिला! ३ जुलैपर्यंत!" मी म्हटलं, "बाबा, खाली बघा, मुक्कामाचे दिवस किती लिहिलेत?" थोडी शांतता. "पंधरा." वरच्या दोन तारखांमध्ये कधीही या, पण राहायचे दिवस खालच्या आकड्याइतकेच. मधले जादाचे पंधरा दिवस विमान चुकलं, कुणी आजारी पडलं, बेत पुढे गेला, तर म्हणून ठेवलेली सोय. बाबा म्हणाले, "अर्जित रजा शिल्लक आहे, पण मंजूर नाही, असंच ना?" इतक्या थोड्या शब्दांत कुठल्याच वकिलाने हे समजावलं नसतं.

८. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत येता येतंच असं नाही. २०१८चा बेत पॅरिस, मग लंडन, मग ॲमस्टरडॅम असा होता. लंडनजवळ हॅरोला नवऱ्याची मामेबहीण. ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढून झाला, समुद्राखालून जाणाऱ्या गाडीची तिकिटं काढून झाली, तिने पुरणपोळ्यांचं वचन दिलं. निघायला बारा दिवस असताना मी व्हिसा पहिल्यांदा नीट वाचला. प्रवेश: एक. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तेव्हाही नव्हतं. लंडनला गेलो की तो एक प्रवेश संपला, आणि ॲमस्टरडॅम कायमचं पलीकडच्या काठावर.

चूक कुणाची म्हणून अर्जाची प्रत काढली. 'किती प्रवेश हवेत' या रकान्यात 'एक' वर खूण मीच केली होती. मला वाटलं, नम्रपणे थोडंच मागावं. जास्त मागितलं तर रागावतील. हे आपल्या रक्तात कुठून येतं कोण जाणे. लंडन रद्द झालं. मामेबहिणीने पुरणपोळ्यांचा फोटो पाठवला. खाली फक्त तारीख होती.

९. पाहुणचारालाही मुद्रांक लागतो. माझी कॉलेजातली मैत्रीण स्ट्रासबुर्गला असते. "घर असताना हॉटेलात कसले राहता?" हे वाक्य ती मराठीत म्हणाली, पण फ्रान्समध्ये ते वाक्य नगरपालिकेत जाऊन अर्जावर म्हणावं लागतं. 'आतेस्तास्यों दाक्योय' म्हणजे यजमानाचा दाखला. घर केवढं, त्यात किती माणसं राहतात, उत्पन्न किती, पाहुण्यांचं नातं काय, हे सगळं मेयरच्या कचेरीत सांगायचं. आमचा एक अर्ज, आई-बाबांचा एक, प्रत्येकाला ३० युरोचा मुद्रांक. 'नातं' या रकान्यात तिने काय लिहिलं ते तिने मला बरेच दिवस सांगितलं नाही.

सावंतवाडीच्या आमच्या घरी गणपतीत तीस माणसं ओसरीवर झोपायची. चौरस मीटर किती भरले असते देव जाणे. पण खरं सांगायचं तर मला तो दाखला आवडला. आपण येणार म्हणून कुणीतरी रजा टाकून रांगेत उभं राहिलं, हे शिक्क्यानिशी हातात धरता येतं.

१०. जाण्याच्या व्हिसापेक्षा परतीचा महत्त्वाचा. एवढंच या मुद्द्यात आहे आणि ते २०१९ साली फुकट गेलेल्या तिकिटांनी शिकवलं. आमचं इथलं राहणं कायदेशीर होतं, मंजुरीचा कागद होता, पण पासपोर्टवरचा अमेरिकेचा शिक्का संपला होता. कॅनडा किंवा मेक्सिकोला थोडक्यात जाऊन येण्यापुरती त्याला सूट असते. पॅरिसला नाही. नायगरा बघून आलो. पलीकडच्या काठावरून.

११. रांगा बदलतात, कधीकधी दोन पिढ्यांत. माझी आजी, बाबांची आई, पेडण्याची. म्हणजे तेव्हा पोर्तुगालची. तिचं माहेर आमच्या घरापासून दुपारच्या जेवणानंतर निघून दिवेलागणीला पोचावं इतकं जवळ. पण पन्नासच्या दशकात निर्बंध आले तेव्हा पत्रादेवीच्या नाक्यावर परवाना दाखवल्याशिवाय तिला माहेर नव्हतं. १५ ऑगस्ट १९५५ला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या त्याच वाटेवर. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाल्यावर आजी परवान्याशिवाय माहेरी गेली, तो दिवस ती सणासारखा सांगायची. काय नेलंस विचारलं तर म्हणायची, "काय्यक नाय. मोकळे हात हलवीत गेलंय."

आता तिच्या भावाचा नातू लिस्बनला असतो. गोवा मुक्त होण्याआधी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळवायची वाट आहे. त्या वाटेने तो गेला. पॅरिसच्या विमानतळावर भेटायला आला तेव्हा लिस्बनहून आल्यामुळे त्याला पासपोर्टची रांगच नव्हती, दोन मिनिटांत बाहेर. आम्ही आमच्या रांगेत पन्नास मिनिटं. नंतर कॉफी पिताना तो सहज बाबांना म्हणाला, "काका, तुमच्या आईचा जन्माचा दाखला पेडण्याचा. कागदोपत्री तुमचंही जमेल." भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, हेही त्याने सांगितलं.

बाबा बराच वेळ कपात चमचा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती. मला वाटलं आता पत्रादेवीवर भाषण होणार. ते एवढंच म्हणाले, "दाखला आहे माझ्याकडे. पान ७१." मग म्हणाले, "पण तो व्हिसासाठी लागला नाही." मी विचारलं, मग फाइलीत का लावलात? त्यांनी उत्तर दिलं नाही. त्या विषयावर आम्ही परत बोललो नाही. मला अजून कळलेलं नाही की त्यांनी तो चुकून लावला होता का. बाबा चुकून काहीच लावत नाहीत.

एक कोपरखळी जाता जाता. एप्रिल २०२४पासून, भारतात राहून भारतातूनच अर्ज करणाऱ्या भारतीयांनी तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन नीट वापरले असतील, तर त्यांना पुढचा दोन वर्षांचा मिळू शकतो. त्यानंतरचा पाच वर्षांचा. म्हणजे सावंतवाडीचे बाबा उद्या माझ्यापुढे जाणार. मी कोलंबसहून दर वेळी नव्याने चौकोनी फोटो घेऊन उभी.

१२. स्ट्रासबुर्गची ट्रॅम शहरभर फिरते आणि तिची डी लाइन, २०१७पासून, ऱ्हाइन ओलांडून जर्मनीतल्या केल गावी जाते. मला आई-बाबांना तीच दाखवायची होती. आयफेल टॉवर सगळेच दाखवतात. मी त्यांना सीमा नसणं दाखवणार होते.

दुपारची वेळ. ट्रॅममध्ये भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, एक सायकल, पेंगणारा एक कुत्रा. पुलावर आलो. आईने खाली पाहिलं आणि म्हणाली, "तेरेखोलीएवढीच की!" लेकीचा फोन वाजला, जर्मनीत स्वागत असल्याचा निरोप. बाबांनी विचारलं, "आलो?" म्हटलं, आलो. "कुणी काही विचारलं नाही?" म्हटलं, हेच तर दाखवायला आणलं. त्यांचा चेहरा उतरला. मांडीवर पिशवी, पिशवीत फाइल. ती त्यांनी मैत्रिणीच्या घरी ठेवायला साफ नकार दिला होता. ८४ पानं, अकरा महिन्यांची तयारी, आणि नदी संपली तरी कुणी विचारलं नाही.

केलच्या थांब्यावर दोन पोलिस चढले. १६ सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनीवरच्या हद्दींवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे. म्हणायला तात्पुरती. मी हे वाचलं होतं आणि विसरले होते. आमच्या रंगाची माणसं त्या डब्यात आम्हीच. तरुण पोलिस सरळ आमच्याकडे आला, नम्रपणे पासपोर्ट मागितले. माझ्या पोटात गोळा आला. लेकीचा गरुडवाला पासपोर्ट त्याने उघडून मिटला. आमचे उघडून व्हिसा पाहिला, तारखा पाहिल्या. बाबांनी पासपोर्टबरोबर फाइलही पुढे केली. तो म्हणाला, नको, एवढं पुरे. बाबा मराठीतच म्हणाले, "तरी बघा की."

त्याने का कोण जाणे, घेतली. अनुक्रमणिकेवर नजर टाकली, तीन-चार पानं उलटली, लाल आकडे पाहिले. मग दोन्ही हातांनी परत दिली आणि पुढच्या बाकाकडे वळला.

बाबा मला हळूच म्हणाले, "विचार त्याला, पोच मिळेल का."

मी विचारलं नाही. ट्रॅम सुटली. बाबांनी खिशातून पेन काढलं, फाइलीच्या शेवटच्या पानावर तारीख घातली, वेळ घातली, 'केल, जर्मनी' लिहिलं, आणि खाली स्वतःच सही केली.